उरलेलं बोट

रविवार, १५ मार्च

देवाच्या कृपेने घर लागलं एकदाचं. हिशेबाच्या वहीची मागची पानं दरवर्षी कोरीच राहतात, तेव्हा यंदा तिथे रोजचं चार ओळी लिहायचं ठरवलं आहे. मॅट्रिकला निबंधात पहिली आले होते, त्यानंतर सामानाच्या याद्यांपलीकडे काही लिहिलेलं नाही.

यांची बदली इथल्या गोदामावर झाली आणि तिसऱ्या मजल्यावरचं हे घर मिळालं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. सकाळचं ऊन थेट ओट्यापर्यंत येतं, दिवा लावावा लागत नाही. नळ धो धो. दारं न कुरकुरता लागतात. एकच खोड आहे, मोरीवरची खिडकी उघडते ती इमारतीच्या मधल्या चिंचोळ्या मोकळ्या जागेत, जिथून सगळ्यांचे सांडपाण्याचे नळ खाली जातात. तिथे ऊन पोचत नाही. पण भांडी घासायला ऊन कशाला हवं?

धाकट्या जावेचा फोन आला होता. म्हणाली, जाऊबाई, तिसरा मजला आणि लिफ्ट नाही, तुमच्या गुडघ्यांना विचारलंत का? हिला सासूबाईंच्या पाटल्या मिळाल्या तरी जिभेवर साखर आली नाही. जाऊ दे. मनात ठेवते झालं.

महत्त्वाचं म्हणजे लेक येणार! चिमणीला सातवा संपत आला. पुढच्या महिन्यात बाळंतपणाला इथेच. आतली खोली तिच्यासाठी झाडून ठेवली. बाळाला पिवळा स्वेटर टाकला आहे. यांच्या जुन्या स्वेटरची लोकर उसवून पुरली असती, पण पहिल्या नातवंडाच्या अंगाला उसवलेली लोकर कशी लावू? नवी कोरी आणली. हे म्हणाले, सूर्य कुठे उगवला आज.

सकाळची प्रार्थना नव्या घरातही नेहमीसारखीच झाली. माझी आपली साधी पद्धत, एका हाताच्या बोटांवर. अंगठा देवाचा. पहिलं बोट यांचं. मधलं चिमणीचं, जावयालाही त्याच बोटावर बसवलं आहे, भाडं घेत नाही. त्याच्या पुढचं इतकी वर्षं रिकामं होतं, ते आता बाळाचं. करंगळी माझी. एकेक बोट धरायचं, त्या माणसासाठी मागायचं, सोडायचं. यंदा पहिल्यांदाच हात भरला.

शुक्रवार, २० मार्च

शेजारणीची ओळख झाली. कपडे शिवते, म्हणून मी तिला मनातल्या मनात शिवणवाली म्हणते. नवरा नाही, मूलबाळ नाही, वडिलांना सांभाळते. म्हातारबुवांना दमा. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, मशीनपाशी स्टुलावर बसून लेकीला सुईत दोरा ओवून देतात. स्वतःला दिसत नाही, तरी ओवतात.

तिच्या तोंडी एकच विषय. हा साथीचा नवा आजार म्हाताऱ्यांना सोडत नाही म्हणतात, बाबांना काही झालं तर मी काय करू? बोलता बोलता बाहीच्या जागी खिसा शिवला. म्हातारबुवा म्हणाले, राहू दे, ज्याला खांद्यात पैसे ठेवायचेत त्याला देऊ. आम्ही तिघंही खूप हसलो. चांगली माणसं आहेत.

बुधवार, २५ मार्च

सगळं बंद. रस्त्यावर चिटपाखरू नाही. गाड्या बंद म्हणजे चिमणीचं येणं बंद. तिचा नवरा कामासाठी परगावी गेला तो तिकडेच अडकला. पोर एकटी. फोनवर हसत होती, म्हणजे रडत होती, मला कळतं.

हे घरी. गोदामातली सवय, माझे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले. मीठ सापडायला मला अर्धी सकाळ लागली. तांदूळ, पीठ, साखर बेताने वापरायचं ठरवलं आहे. प्रार्थनेत मधलं बोट जास्त वेळ धरते. त्यावर नखाची खूण उमटली आहे.

सोमवार, ३० मार्च

या इमारतीत काहीतरी वेगळंच आहे.

सगळं जग धास्तावलेलं आणि इथली माणसं निवांत. वरच्या मजल्यावर कोणीतरी शीळ घालतं. खालच्या बाई दुकान बुडालं म्हणून ऊर बडवत होत्या, त्या काल पायऱ्या पुसताना गाणं म्हणत होत्या. दुकानाचं विचारलं तर म्हणाल्या, कसलं दुकान? थट्टा असेल. पण थट्टेला माणूस डोळ्यांनी हसतं.

आज मात्र कहर. शिवणवालीचे वडील जिन्यात बसलेले, मांडीवर उशी. दार आतून बंद, आत मशीन जोरात चाललेलं. मी कडी वाजवली. तिने दार किलकिलं केलं. चेहरा असा टवटवीत, जणू आजारातून उठली. मी म्हटलं, अगं, बाबा बाहेर बसलेत. तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, हो ना, सकाळपासून बसलेत. कोणाचे तरी असतील.

आणि दार लावलं.

आजाराच्या भीतीने माणूस इतका दगड होतो? जन्मदात्याला ओळख नाही दाखवायची? मी त्यांना भात दिला. जेवताना त्यांनी हळूच विचारलं, तुमचीही मोरीची खिडकी त्या मधल्या जागेत उघडते का? म्हटलं, हो. मग ते भाताची शितं बोटाने टिपत राहिले.

या बाईपासून जपून राहायला हवं.

शुक्रवार, ३ एप्रिल

दुपारी भांडी घासताना समोरच्या खिडकीतून कोणीतरी विचारलं, काय झालं ताई, सुस्कारा मोठा सोडलात.

समोर खिडकी आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिथे ओली चादर वाळत घातलेली असते, त्यामुळे चेहरा दिसत नाही. चादरीखालून दोन हात तेवढे दिसतात, ताटात काहीतरी निवडणारे. निवडायला घेतलेली बाई म्हणजे आपल्यातलीच. आवाजही मायेचा. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, मनात ठेवून ठेवून माणूस आंबतं. काढून टाकावं. सांगा, मी काही कुठे बोलायला जात नाही.

मोठं सांगायचा धीर होईना. आपलं ठेवावं झाकून. म्हणून जावेचं सांगितलं, पाटल्यांचं, तिच्या टोमण्यांचं, सगळं. मी बोलत होते तोवर त्यांचे हात थांबले होते. संपलं तसा त्यांनी ताटातून एक खडा उचलून बाजूला ठेवला. म्हणाल्या, झालं.

रविवार, ५ एप्रिल

दोन दिवस फार हलकं वाटतंय. का ते कळत नाही, पण कशाला शोधा? मिळालेलं सुख मोजू नये.

हे मात्र विचित्र वागतात. म्हणाले, धाकटीचा फोन आला होता, तुझी चौकशी करत होती. कोण धाकटी म्हटलं तर म्हणाले, आता बोलायचंच सोडलंस का तिच्याशी, पाटल्या एवढ्या लागल्या? यांना भाऊ नाही, मला जाऊ नाही, पाटल्या कसल्या? घरात बसून बसून पुरुषमाणसाचं डोकं फिरतं म्हणतात. मी विषय वाढवला नाही.

गुरुवार, ९ एप्रिल

चिमणीचा फोन. रक्तदाब वाढला आहे. पाय सुजलेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिवस भरायची वाट पाहता येईल असं वाटत नाही. घरात पाणी द्यायला कोणी नाही. मला म्हणाली, आई, तू फक्त फोन उचलत जा. तुझा आवाज आला की माझा श्वास जागेवर येतो. कळा सुरू झाल्या की फोन करीन, तू बोलत राहा, बाळ होईपर्यंत ठेवू नकोस. मी शब्द दिला. देवाला साक्षी ठेवून दिला.

फोन ठेवला. यांच्यापुढे रडायचं नाही, ते आधीच खचलेत. प्रार्थनेला बसले तर मधलं बोट सोडवेना.

दुपारी मोरीपाशी उभी होते. खिडकीतल्या बाईंनी नुसतं विचारलं, काय झालं ताई?

घरातलं बाहेर सांगू नये हे आईने शिकवलं होतं. पण बांध फुटला. चिमणी जन्मली तेव्हापासून सांगितलं. तिचं पहिलं पाऊल, तिचा कांजिण्यांचा ताप, तिचे सुजलेले पाय. बाळाचं सांगितलं. बाईंनी दोन खडे काढले. एक मोठा, एक इवलासा.

शुक्रवार, १० एप्रिल

किती दिवसांनी गाढ झोप लागली. सकाळी उठले ती गाणं गुणगुणतच.

प्रार्थनेत एक गंमत झाली. अंगठा देवाचा, पहिलं बोट यांचं, करंगळी माझी. मधली दोन बोटं उरली. इतकी वर्षं ती कशासाठी धरत होते कोण जाणे. नुसतीच धरली, नुसतीच सोडली. मधल्या बोटावर नखाची खूण आहे. भांडी घासताना लागलं असेल.

टोपलीत अर्धवट विणलेला पिवळा स्वेटर सापडला, बाहुलीएवढा. आधीच्या भाडेकरणीचा राहिला असणार. लोकर चांगली आहे, टाकवेना. सगळा उसवला आणि गुंडा केला. मास्कचे बंद होतील, उरलेल्याचं गरम भांडं उचलायचं फडकं. आतली खोली झाडून कोणासाठी ठेवली होती? उगीच. यांना तिकडे झोपायला सांगेन, फार घोरतात.

रविवार, १२ एप्रिल

फसवणुकीचे फोन येतात असं पेपरात होतं, तसा आज आला. एक बाई रडत म्हणाली, आई, तू फोन का उचलत नाहीस? मी म्हटलं, बाई, चुकीचा नंबर लागला. तर म्हणते, आई, अशी थट्टा करू नकोस, मला भीती वाटतेय. नाटक छान करतात! मी ठेवून दिला.

पण नंतर फोन यांनी घेतला आणि न्हाणीघरात जाऊन दार लावून बोलले. मी कान दिला. हलक्या आवाजात म्हणत होते, बाळा, ती बरी नाही, तू काळजी करू नकोस, मी आहे ना.

बाळा!

मंगळवार, १४ एप्रिल

सगळं उलगडलं. मांजर डोळे मिटून दूध पीत होतं आणि मी त्याला भोळं समजत होते.

यांची एक मुलगी आहे. बाहेरची. फोन तिचेच. आज विचारलं तर नाकारलं नाही, उलट पाकिटातून फोटो काढून दाखवला. म्हणाले, नीट बघ, आपली चिमणी. फोटोत त्या मुलीशेजारी मी आहे, माझी जांभळी साडी नेसून. हल्ली फोटोत कोणालाही कोणाशेजारी चिकटवता येतं, हे मला न कळायला मी काय अडाणी आहे? म्हणाले, तुला डॉक्टरला दाखवू. मग रडले. चोर तो चोर, वर रडणं. आणि पाहत होते कसे — अगदी जिन्यातल्या म्हाताऱ्यासारखे.

मी म्हटलं, तुमच्यापेक्षा समोरच्या खिडकीतल्या बाई परवडल्या, निदान ऐकून तरी घेतात. तर उठून मोरीपाशी गेले, बाहेर डोकावले आणि म्हणाले, समोर खिडकी कुठे आहे? नुसती भिंत आहे, आणि नळ.

आता डोळ्यांदेखतही खोटं बोलायला लागले. मी भांडी तशीच टाकली आणि चादरीआडच्या त्या हातांना सगळं सांगितलं. एवढ्या वर्षांचा संसार, विश्वास, हा माणूस.

त्यांनी खडा काढला. मोठा होता. दोन्ही हातांनी उचलला.

बुधवार, १५ एप्रिल

घरात एक परका माणूस आहे.

सकाळी स्वयंपाकघरात चहा करत होता. डबे कुठे आहेत ते त्याला ठाऊक. मी ओरडले नाही, एकट्या बाईने ओरडून चालत नाही. साखर संपली म्हणून खालून आणायला पाठवला. गेला बिचारा पिशवी घेऊन. मग कडी, वरचा बोल्ट, खालचा बोल्ट, दाराला खुर्ची.

परत आल्यावर दार ठोकत राहिला. मला हाक मारत होता, ज्या नावाने फक्त — नाव याला कुणी सांगितलं? शिवणवाली बाहेर येऊन काहीतरी विचारत होती. मग तिचा आवाज स्पष्ट आला. म्हणाली, कोणाचे तरी असतील.

हे वाक्य मी आधी ऐकलं आहे. तेव्हा मला राग आला होता. कोणाचा?

प्रार्थना. अंगठा देवाचा. करंगळी माझी. मधली तीन —

गुरुवार, १६ एप्रिल

मास्कला बंद लावायला पिवळ्या लोकरीचा गुंडा घेतला.

लोकर सरळ नाही. सगळीकडे पीळ, बारीक बारीक लाटा. नवी लोकर अशी नसते, उसवलेलीच अशी असते. हे आधी काहीतरी होतं. आणि तळाशी चार ओळी उसवायच्या राहिल्यात. त्यांच्या कडेला साखळी आहे. पहिला टाका न विणता नुसता उचलून घेतला की अशी साखळी पडते. आईने मला शिकवलं होतं. मी दुसऱ्या कोणाला शिकवलेलं नाही.

हे मी विणलं. एवढासा स्वेटर. मी.

कोणासाठी?

बोटावरची नखाची खूणही माझ्याच नखाची आहे. लावून पाहिलं. बरोबर बसते.

घरातून काहीतरी जातंय. कुलपं शाबूत, डबे भरलेले, तरी जातंय. काय गेलं ते आठवत असतं तर गेलंच नसतं —

दुपारी

मोरीपाशी गेले. सांगायला नाही, मागायला. म्हटलं, काय घेतलंत ते परत द्या. बाई म्हणाल्या, निवडून काढलेला खडा कोणी परत भातात टाकतं का, ताई? मायेनेच म्हणाल्या.

मी पहिल्यांदाच त्यांच्या ताटाकडे नीट पाहिलं. त्यात तांदूळ नाहीत. डाळ नाही. कधीच नव्हती. नुसते खडे. आणि त्या बाजूला काढत नाहीत, त्या —

त्यांचं तोंड हलत होतं चादरीआड. दाताखाली खडा आल्यासारखा आवाज —

खिडकी लावली. कपाट सरकवलं पुढे.

शुक्रवार, १७ एप्रिल

फोन वाजतोय. थांबतो, पुन्हा वाजतो.

दाराबाहेरचा माणूस ओरडतोय, कळा सुरू झाल्या असतील, उचल, तू शब्द दिला होतास, उचल गं. आवाज बसलाय त्याचा. दुसरा म्हातारा खोकत त्याला काहीतरी समजावतोय.

कोणाला शब्द दिला? शब्द दिल्यासारखं वाटतंय खरं. हात फोनकडे जातो. मधलं बोट दुखतंय.

उचलला. एक बाई — नुसता श्वास. मग म्हणाली, आई, बोल ना काहीतरी. मी बोलणार होते. तोंड उघडलं. काय म्हणायचं? कोण आहेस विचारलं.

ती किंचाळली. मग फोन पडल्याचा आवाज.

मी काय केलं — देवा, मी काय केलं ते मला माहीत नाही, पण काहीतरी केलं आहे — छातीवर धोंड ठेवल्यासारखं — माणूस नाही, चेहरा नाही, नुसती काळजी उरली आहे, कोणाची ते ठाऊक नसलेली. ही घेऊन कशी जगू?

कपाटाच्या मागून विचारतात, काय झालं ताई?

नाही. नाही सांगणार.

फोन पुन्हा कानाला लावला, चालूच होता. आता कोणी बोलत नाही. लांबून बारीक रडणं येतंय, नवं कोरं, आत्ताच जगात आल्यासारखं. आणि त्याच्याजवळ दुसरं कोणाचंच काही ऐकू येत नाही. फोन उचला हो कोणीतरी, जवळ जा हो तिच्या कोणीतरी —

कपाट जड नाहीये. एकटीनेही सरकतं. एवढं एकच सांगते, एवढंच —

शनिवार

घर छान आहे. सकाळचं ऊन थेट ओट्यापर्यंत येतं. नळ धो धो.

कोण्या बाईची वही सापडली. अक्षर चांगलं, हिशेब चोख. पुढची पानं कोरी आहेत, वाया कशाला घालवायची?

फोन वाजत होता, बंद पडला. जिन्यात दोन म्हातारे बसलेत, एकाच्या हातात साखरेची पिशवी. मला बघून उभा राहिला. कोणाचे तरी असतील.

सकाळी देवापुढे बसले. अंगठा देवाचा एवढं आठवतं. बाकी चारही बोटं नुसती आहेत. शेवटची करंगळी धरून बराच वेळ बसले, ही कोणासाठी असेल म्हणून.

मोरीवरच्या खिडकीतून कोणीतरी प्रेमाने विचारतंय, नवीन आलात वाटतं, नाव काय आपलं? शेजारधर्म आहे, सांगायला हवं. म्हटलं, माझं नाव —